जागलीवर वाचायची पुस्तकं
यवतमाळ जिल्ह्यातल्या आठवी ते बारावीच्या वाचकांना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

आपल्या जिल्ह्याचं नाव ऐकलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि दुसरी वाघीण. टी-१ नावाची, पेपरवाल्यांनी जिला अवनी केलं आणि २०१८च्या नोव्हेंबरात जिला राळेगावकडे गोळी घातली, ती. दोन्ही बातम्यांत आपल्या वयाची पोरं फोटोच्या कडेला उभी असतात. आपल्यावर लेख येतात, आपल्यासाठी शिबिरं भरतात, आपल्याला दफ्तरं वाटतात. पण ‘हे पुस्तक घे, रात्री झोप येणार नाही’ असं कोणी म्हणत नाही. म्हटलंच तर थोर पुरुषाचं चरित्र हातात ठेवतात, आणि ते तर बक्षीस समारंभात दरवर्षी मिळतंच.

म्हणून मीच लिहायला बसले. मी दारव्ह्याची, अकरावी सायन्सची. मी काही तज्ज्ञ नाही वगैरे म्हणणार नाही, कारण या एका बाबतीत तुमच्या क्लासच्या सरांपेक्षा माझं वाचन जास्त निघण्याची शक्यता आहे. चरित्र, स्पर्धा परीक्षा, व्यक्तिमत्त्व विकास यांतलं इथे काही नाही. कथा-कादंबऱ्या, आणि त्याही आवडलेल्या. नावडलं तेही सांगेन.

आधी अडचण. तालुक्याच्या कुठल्याही वाचनालयात जा. एका कपाटावर ‘बालविभाग’ लिहिलेलं असतं. आत इसाप, बिरबल, पऱ्या, आणि नावातच ‘संस्कार’ असलेली बारीक बारीक पुस्तकं. शेजारच्या कपाटात एकदम ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’. म्हणजे बाराव्या वर्षापर्यंत कोल्हा आणि राजपुत्र, तेराव्या वर्षी थेट कर्ण. मधली पाच-सहा वर्षं आपण कुठे बसायचं? मराठीत आपल्याला ‘कुमार’ म्हणतात म्हणे, पण त्या नावाचं कपाट मी अजून पाहिलेलं नाही.

अमेरिकेत हे कपाट झालं त्यामागे बऱ्याच अंशी एक शाळकरी पोरगी आहे. एस. ई. हिंटन, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साची. आपल्या शाळेतल्या पोरांसारखी पोरं कुठल्याच पुस्तकात सापडेनात म्हणून तिने स्वतःच ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली. १९६७ मध्ये ती छापून आली तेव्हा हिंटन अठरा वर्षांची होती. प्रकाशकाने ‘सुझन’ हे नाव छापलंच नाही, नुसती आद्याक्षरं छापली. टोळ्यांच्या मारामाऱ्या मुलीने लिहिल्यात म्हटल्यावर कोण मनावर घेणार, ही धास्ती. आपल्याकडे याच्या कितीतरी आधी, १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात उघड लिहिलेलं. लेखिकेचं नाव छापलं होतं विभावरी शिरूरकर, आणि ते खरं नव्हतं. पुढे कळलं की त्या मालतीबाई बेडेकर. भाषा जुनी वाटेल, तरी त्यातल्या दोन कथा वाचून पाहा. आपल्या आज्या जन्मायच्या आधीच्या मुली कशाकशावरून चिडत होत्या ते वाचताना मला सारखं वाटत होतं, अरे, हे तर आमच्या वर्गातलं चाललंय.

तर आपली पुस्तकं मराठीत आहेत. फक्त ती मोठ्यांच्या कपाटात अडकून पडली आहेत. ती ओळखायची माझी एक पद्धत आहे. गोष्टीत आपल्या वयाचं कोणीतरी हवं. मोठी माणसं काय करतात, काय लपवतात, कुठे हरतात हे त्याला दिसत असायला हवं. आणि शेवटी लेखकाने ‘यावरून काय बोध घ्याल’ असं विचारायला येऊ नये.

या तिन्हींत पहिल्या नंबरने पास होणारं पुस्तक अमेरिकेतल्या फ्लॉरिडाच्या रानातलं आहे, तरी मी ते आपल्या जिल्ह्याचंच धरते. ‘पाडस’. मूळ कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ‘द यर्लिंग’. तिला १९३९ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. मराठीत आणली राम पटवर्धनांनी, म्हणजे ‘सत्यकथा’ मासिकाच्या संपादकांनी. ज्योडी नावाचा एकुलता एक पोरगा, आई, बाप, आणि रानात एकटं घर. मक्याचं पीक आलं तर वर्ष निघतं, नाही तर नाही. एक दिवस बापाला साप चावतो. बाप तशाच अवस्थेत समोर दिसलेली हरणी गोळी घालून पाडतो आणि तिचं काळीज कापून विष ओढून घ्यायला जखमेवर दाबून धरतो. बाप वाचतो. हरणीचं पाडस उघड्यावर राहतं, आणि ज्योडी ते घरी आणतो.

आता खरी गोष्ट सुरू होते. पाडस मोठं होतं आणि कोवळा मका खायला लागतं.

हे वाक्य पुण्यातल्या वाचकाने वाचलं तर तो पान उलटून पुढे जाईल. आपल्याकडचं पोरगं थांबतं. तुरीत रोही शिरले की काय होतं ते आपण पाहिलंय. डुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं काय करून ठेवतो तेही पाहिलंय. झटका मशीन, जुन्या साड्यांचं कुंपण, रिकाम्या बाटल्यांचे खुळखुळे, रात्रभराची जागल, सकाळी पंचनाम्यासाठी वनखात्याला फोन, हे सगळं आपल्या घरात बोललं जातं. ज्योडीही कुंपण उंच करतो. जिवाच्या आकांताने खांब रोवत सुटतो. पाडस उडी मारून आत. बाप दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, आई मक्याचे दाणे मोजणारी, आणि पोरगं आपल्या जिवलगाच्या बाजूने घरच्यांशी भांडणारं. यात चूक कोणाची? मी दोनदा वाचलं तरी ठरवता आलं नाही. लेखिकाही ठरवून देत नाही. आईचा राग आला तेव्हा मला वाटलं, हिला काळीज नाही. दुसऱ्यांदा वाचताना त्याच पानावर आमच्या शेताच्या सातबाऱ्यावरचं कर्ज आठवलं. शेवट सांगत नाही. फक्त शेवटची पन्नास पानं बसमध्ये वाचू नका, लोक काय झालं म्हणून विचारतात.

पुस्तक जाड आहे, सुरुवातीला अस्वलाची शिकार बरीच लांबते. तिथे सोडून देऊ नका.

दुसरं पुस्तक घरचं. उद्धव शेळके यांची ‘धग’, १९६०. शेळके अमरावतीचे. ‘धग’मध्ये कौतिक नावाची बाई आहे, नवरा महादेव शिंप्याचं काम करणारा, आणि पोरं. नवऱ्याच्या हातून धड काही होत नाही, पुढे त्याला महारोग होतो, आणि घर एकट्या कौतिकने रेटायचं. नामा हा तिचा पोरगा. तो शिकला तर आपण यातून निघू, एवढ्यावर ती तग धरून असते. कादंबरी कौतिकची असली तरी मी ती नामाच्या बाजूने वाचली, आणि तुम्हीही तशीच वाचून पाहा. आई राबते आहे आणि तिच्या राबण्याचं ओझं आपल्या दप्तरात आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला नामा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मला मात्र ‘धग’ आधी दुसऱ्याच कारणाने आवडली. त्यातली माणसं आपल्यासारखी बोलतात. म्हणजे खरंच आपल्यासारखी. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘कायले’. आपण शाळेत असं बोललो की बाई हसतात, किंवा ‘शुद्ध बोल’ म्हणतात. सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस हमखास गमतीचा असतो. ‘धग’मध्ये या भाषेत बाई नवऱ्याशी भांडते, पोराला जवळ घेते, देवाला शिव्या देते, आणि कोणालाच हसू येत नाही. आमच्या तालुक्यातल्या बोरी अरबचे शंकर बडे यांच्या वऱ्हाडी कविता गॅदरिंगमध्ये म्हटल्या की टाळ्या पडतात. पण सबंध कादंबरीभर आपली बोली इतक्या गंभीरपणे चालते हे मी पहिल्यांदा ‘धग’मध्ये पाहिलं. दोन-चार पानं मोठ्याने वाचा. आजी ऐकत बसली तर ती मधेच एखादा शब्द दुरुस्त करेल.

वसतिगृहात, आश्रमशाळेत किंवा मामाकडे राहून शिकणाऱ्यांसाठी प्रकाश नारायण संत यांचा लंपन आहे. चार पुस्तकं: ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. ‘वनवास’ १९९४ चं. लंपनला आईबाबांनी आजी-आजोबांकडे ठेवलंय, बेळगावकडच्या गावात. त्याला तिथे त्रास नाही. आजी जीव लावते, मित्र आहेत, सुमी आहे. तरी संध्याकाळी त्याला कसंतरीच होतं, आणि त्या कसंतरीचं नाव त्याला माहीत नसतं. घाटंजी, झरी, मारेगावकडची कितीतरी पोरं पाचवीपासून घराबाहेर राहतात. त्यांना हे मी काय सांगणार! लंपनच्या बोलण्यात कानडी वळणाचे शब्द येतात, पहिल्या दहा पानांत अडखळायला होतं, मग त्याच्यासारखंच बोलावंसं वाटायला लागतं. आमच्या वर्गात तिघी जणी ‘मॅडसारखं’ म्हणायला लागल्या होत्या. यातल्या गोष्टी सुट्या आहेत, त्यामुळे एका तासिकेत एक बसते.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) बहुतेकांनी ऐकली असेल, सिनेमाही निघाला. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्र्या, फावड्या, बाहेर आणीबाणी आणि वर्गात शिरोडकर. पोरं एकमेकांशी खरी कशी बोलतात ते इतकं नेमकं उतरलंय की काही पानं मास्तरांसमोर उघडू नये. वाचाच. पण माझी तक्रार आहे. तीनशेच्या घरातली पानं आपण जोशीच्या डोक्यात राहतो आणि शिरोडकरच्या डोक्यात एक मिनिटही नाही. ती खिडकीत दिसते, रस्त्यात दिसते, हसते. तिला घरी काय सोसावं लागतं, तिला जोशी आवडतो का नुसता बरा वाटतो, हे आपण जोशीइतकंच अंदाजाने ओळखायचं. माझा एक मित्र म्हणतो, हेच तर पुस्तकाचं बळ आहे, कारण त्या वयात पोराला तेवढंच दिसतं. असेलही. मला शिरोडकरने लिहिलेली ‘शाळा’ वाचायची आहे.

आणि हा घोळ एकट्या ‘शाळा’चा नाही. ज्योडी, नामा, लंपन, जोशी, वर फास्टर फेणे आणि गोट्या. सगळे पोट्टे! पोरींनी काय फक्त खिडकीत उभं राहायचं? म्हणून दोन पुस्तकं मुद्दाम घुसडते. एक ‘चौघीजणी’, लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’चा शांता शेळके यांनी केलेला अनुवाद. चार बहिणी, बाप युद्धावर गेलेला, घरात पैसा नाही. त्यातली ज्यो लिहिते, भांडते, केस कापून विकते, आणि लोक म्हणतील तसं वागत नाही. दुसरं म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. ही कादंबरी नव्हे, स्वतःची हकिकत आहे, म्हणजे माझाच नियम मी मोडतेय. पण सोवळ्याच्या वेडापायी सगळ्या घराला सळो की पळो करणारा बाप, आणि अकराव्या वर्षी लग्न होऊन गेलेली पोर हे सगळं बाई इतक्या हसत सांगतात की आपण हसून झाल्यावर घाबरतो. आपल्या जिल्ह्यात दहावीनंतर वर्गातली एखादी मुलगी दिसेनाशी होते आणि दिवाळीनंतर मंगळसूत्रात दिसते. तिच्या मैत्रिणींनी हे पुस्तक वाचावं असं मला वाटतं. तिलाही पाठवून द्या.

आता भराभर.

आठवीतल्यांनी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. २०१७ च्या सिनेमातला मोठा आहे, पुस्तकातला फुरसुंगीचा बनेश शाळकरी आहे आणि सायकलवर जास्त शोभतो. गुप्तहेर आवडत असतील तर सत्यजित राय यांचा फेलूदा. बंगालीतून मराठीत अशोक जैन यांनी आणला. गोष्ट सांगणारा तोपशे साधारण आपल्या वयाचा आहे, त्यामुळे फेलूदाची हुशारी पाहून आपण दबून जात नाही. अलीकडचं हवं तर भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’. तिला २०२४ चा साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार मिळाला. बेंबळा प्रकल्पात ज्यांच्या घरची गावं गेली त्यांनी ल. म. कडू यांचं ‘खारीचा वाटा’ शोधावं, त्यातही धरणाखाली जाणारं गाव एका पोराच्या डोळ्यांनी दिसतं. नारायण धारपांच्या भयकथा माझ्या शिफारशीवाचूनही तुमच्यापर्यंत पोहोचतीलच. एवढंच सांगते, पत्राच्या नावावर जाऊन त्या खरोखर जागलीवर वाचायला नेऊ नका.

सायन्सवाल्यांना जयंत नारळीकर. ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आधी, मग ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या. माणसं थोडी लाकडी वाटतात हे खरं आहे, पण कल्पना अशी की रात्री गच्चीवर जाऊन आकाश बघावंसं वाटतं. २०२५च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्या फिजिक्सच्या सरांनी त्यांच्यावर पूर्ण तास घेतला आणि गोष्टींचं नावही काढलं नाही! खरं तर त्यांच्या पहिल्या कथेची हकिकतच एक गोष्ट आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. आपलं नाव ओळखून बक्षीस देऊ नये म्हणून. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ती बायकोकडून लिहून घेतली. कथेला बक्षीस मिळालं. नाव झाकून लिहिणाऱ्यांत हे तिसरे झाले, फक्त यांचं कारण पहिल्या दोघींच्या अगदी उलटं.

‘श्यामची आई’ला नाक मुरडू नका. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. धड्यातला श्याम शहाणा आहे. पुस्तकातला पोहायला घाबरून लपतो आणि आईच्या हातचा मार खातो. रडणं मात्र जास्त आहे, त्याला इलाज नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ लहानशी आहे, दोन रविवारांत होते. धनगरांच्या वाडीवर गेलेला कोवळा मास्तर त्यात आहे. ज्यांचे आईवडील पोडावर किंवा तांड्यावर शिक्षक आहेत त्यांनी ती वाचून झाल्यावर घरीच ठेवावी, आईबाबा उचलतात.

दोन पुस्तकं मी मुद्दाम ‘नंतर’ म्हणून ठेवते. एक नेमाडे यांची ‘कोसला’. खेड्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि त्याचं काय काय होतं, ते. दहावीत वाचाल तर ‘हा पोरगा नीट अभ्यास का करत नाही’ असं वाटेल. बारावी झाल्यावर नागपूर, पुणे, लातूर कुठेही खोली घेऊन राहाल, मेसच्या जेवणाला कंटाळाल, घरून आलेल्या पैशांचा हिशोब जुळेना होईल, तेव्हा उघडा. दुसरी सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. बुलढाण्याकडची माणसं, वऱ्हाडी बोली, शिकून नोकरी न मिळालेला आणि शेतात परतलेला एकनाथ. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पण तुमच्या घरी यंदा कापूस गेला असेल, बाबा बोलेनासे झाले असतील, तर हे पुस्तक आत्ता नको. ते पळून जात नाही. अशा वेळी फेलूदा जास्त कामाचा. आणि बाबा फारच गप्प असतील तर पुस्तक ठेवून कोणातरी मोठ्या माणसाला सांगा.

मिळणार कुठून, हा पुढचा प्रश्न. यवतमाळला शासनाचं जिल्हा ग्रंथालय आहे. आपल्या सोळाही तालुक्यांत अनुदानावर चालणारी सार्वजनिक वाचनालयं आहेत, काही चांगली, काहींत चार पेपर आणि पंखा. पोरींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास फुकट आहे, म्हणजे तालुक्याला आपण तसेही रोज येतो. स्टँडवर बसण्यापेक्षा वाचनालयात बसा. पहिल्या दिवशी सगळे आजोबा पेपर खाली करून बघतील. एक जण विचारेल, ‘काऊन गा, कोनाची पोट्टी तू?’ सांगून टाका. दुसऱ्या आठवड्यात तेच आजोबा खुर्ची सरकवून देतात. कपाटात नावं नीट लावलेली नसतात, तेव्हा पुस्तकं कण्यावरून न शोधता आत उघडून बघा. ‘राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, कोलकाता’ असा शिक्का असलेली, कोणीच न नेल्यामुळे कोरी करकरीत राहिलेली पुस्तकं मागच्या रांगेत असतात. मला ‘पाडस’ तिथेच सापडलं, शेतीविषयक पुस्तकांत. कोणीतरी नाव वाचून पशुसंवर्धनात लावलं होतं.

मोबाइल आहेच तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बघा. मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक फुकट वाचायला ठेवलेत. ‘साधना’ साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक स्वस्त असतो, चौघांत वर्गणी काढून घेता येतो. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफबद्दल मी उपदेश करणार नाही, पण त्यांत नेमकी शेवटची पानं गायब असतात, आणि ‘पाडस’च्या बाबतीत हे परवडणारं नाही.

मुख्याध्यापक आणि ग्रंथपालांपैकी कोणी हे वाचत असतील तर त्यांच्याशी दोन शब्द. शाळेच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते बहुतेक वेळा रजेवर असतात. माझ्या एका शाळेत ‘पुस्तकं खराब होतात’ म्हणून ती वाचायला देत नसत. वाळवीने मात्र त्यातला एक कप्पा पूर्ण वाचला. किल्ली नववीतल्या एखाद्या पोरीकडे द्या आणि एक वही द्या, बघा काय होतं. आणि कृपा करून परत आलेल्या पुस्तकावर ‘यातून काय शिकलात’ म्हणून दहा ओळी मागू नका.

आता एक पुस्तक जे मला यादीत घालता आलं नाही. आपल्या जिल्ह्यात अखिल भारतीय साहित्य संमेलन दोनदा झालं. १९७३ मध्ये, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते तेव्हा, आणि २०१९ च्या जानेवारीत, अरुणा ढेरे अध्यक्ष असताना. दुसऱ्या वेळी मी चौथीत होते. उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांना ‘येऊ नका’ म्हणून कळवलं गेलं, त्यावरून मोठा वाद झाला, आणि शेवटी उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातल्या, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर सावरणाऱ्या वैशाली येडे यांनी केलं. घरी सगळे त्यावरच बोलत होते. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, मी गाळ्यांवरच्या पुस्तकांचे वास घेत फिरत होते. पुढे येडे यांच्या भाषणाबद्दल वाचलं तेव्हा डोक्यात आलं ते हे, की तशा घरात चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिची कादंबरी कुठे आहे? लेख आहेत, कविता आहेत, नाटक आहे. पण ती सकाळी कोणत्या मैत्रिणीवर रुसते, इंग्रजीला किती घाबरते, चेक द्यायला आलेल्या साहेबांच्या बुटांकडे कशी बघते, हे तिच्या बाजूने, तिच्याच बोलीत सांगणारं जाडजूड पुस्तक मला मिळालेलं नाही. पुसदकडच्या तांड्यावरच्या पोराचं गोरमाटी बोलणं असलेलं, किंवा झरीच्या कोलाम पोडावरचं, तेही नाही. तुमच्यापैकी कोणाच्या वहीत त्याची चार पानं असतील तर फाडू नका. नाव झाकून पाठवलंत तरी चालेल, तशी मोठी परंपरा आहे हे वर सांगितलंच.

माझी यादी इथे संपते. तुमच्याकडे यात नसलेलं काही असेल तर तुमच्या वाचनालयाच्या सूचना वहीत लिहा, मी जिथे जाते तिथे ती वही आधी बघते. बहुतेक वह्यांत शेवटची सूचना पिण्याच्या पाण्याबद्दल असते. आणि लंपनचं ‘झुंबर’ कोणाकडे असेल तर प्लीज, प्लीज. आमच्याकडे रजिस्टरात नाव आहे, कपाटात जागा आहे, पुस्तक नाही. शेवटचं कोणी नेलं त्या रकान्यात फक्त ‘पाटील सर’ लिहिलंय, आणि दारव्ह्यात पाटील सर किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
अकरावीतली एक वाचक
दारव्हा, जि. यवतमाळ